साध्या पाण्याचा तक्ता कुठे आहे?



शीत संलयनावर, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रे एकत्र येतात या दाव्यावर, अधूनमधून लेख येतात, आणि त्यांत 23 मार्च 1989 ची पत्रकार परिषद हमखास असते. युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन व स्टॅन्ली पॉन्स, काचेचे पात्र, पॅलॅडियमची कांडी, जड पाणी आणि पुरवलेल्या विजेहून जास्त उष्णता. त्याच पात्रात साधे पाणी भरले तर काय होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. वादाची मेख तिथेच आहे.

जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम असतो. साध्या पाण्यात साधारण 6,400 हायड्रोजन अणूंमागे ड्यूटेरियमचा एक अणू. उष्णता ड्यूटेरियमच्या संलयनाची असेल, तर साध्या पाण्यात ती जवळपास नाहीशी व्हायला हवी. शाळकरी पोरालाही सुचावा असा हा ताळा पहिल्या शोधनिबंधात नव्हता. एप्रिलमध्ये डॅलसच्या रसायनतज्ज्ञांच्या सभेत पॉन्स यांना तो मागितला गेला, तेव्हा साधे पाणी तुलनेला चांगले नाही, अशा आशयाचे गुळमुळीत उत्तर मिळाले.

त्या उत्तरात थोडे तथ्य होते. क्षार घातलेल्या जड पाण्यातून वीज तितक्या सहज वाहत नाही. तेवढाच प्रवाह खेळवायला व्होल्टेज वाढवावे लागते आणि पात्र जास्त तापते. पाण्याच्या विद्युतविघटनात खर्च होणारी ऊर्जा वजा करतानाही साध्या पाण्यासाठी 1.48 व्होल्ट धरतात, जड पाण्यासाठी 1.54. म्हणजे नुसते दोन तापमापक शेजारी ठेवून भागत नाही. पण ही अडचण हिशेब काटेकोर मांडण्याचे कारण ठरते. ताळाच टाळण्याचे नव्हे.

पुढे 1991 मध्ये रँडेल मिल्स यांनी निकेल, पोटॅशियम कार्बोनेट आणि चक्क साधे पाणी वापरून जादा उष्णतेचा दावा केला. हे संलयन नव्हेच, असे ते स्वतः म्हणत होते. तरीही शीत संलयनाच्या काही समर्थकांनी तो आपल्याच खात्यात जमा केला! जड पाण्यातच उष्णता मिळते म्हणून ती अणुकेंद्रीय, आणि साध्यातही मिळते म्हणून शोध आणखी मोठा: हे दोन दगडांवर पाय ठेवणे झाले. दोन्ही पाण्यांत जादा उष्णता दिसली, तर संशय आधी उष्णतामापकावर घ्यायला हवा.

आपल्या तुर्भ्यालाही, भाभा अणुसंशोधन केंद्रात, 1989 मध्ये संचालक पी. के. अय्यंगार यांच्या काळात अनेक गटांनी हे प्रयोग केले आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम (ड्यूटेरियमहूनही जड हायड्रोजन) आढळल्याचे नोंदवले. नंतर तिथे निकेल आणि साध्या पाण्यावरही काम झाले. ट्रिटियमचा पुरावा उष्णतेहून थेट खरा, पण जड पाण्यात ट्रिटियम मुळातच थोडा असू शकतो, आणि विद्युतविघटनात तुलनेने हलका ड्यूटेरियम आधी निघून गेल्याने मागे ट्रिटियमचे प्रमाण वाढते. सुरुवातीचे मोजमाप इथेही लागतेच.

न्यूट्रॉनांचा हिशेबही पाहा. ड्यूटेरियमच्या नेहमीच्या संलयनातून एक वॉट मिळाला, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटतील. पात्राशेजारचा माणूस फार काळ वाचणार नाही. पॉन्स-फ्लाइशमन धडधाकट होते. गूगलच्या पैशावर झालेल्या फेरतपासणीतही पुरावा सापडला नाही, असे 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. तेव्हा यापुढे अशी बातमी आली, तर संपादकांनी लेखकाकडून साध्या पाण्याचे आकडे मागून घ्यावेत आणि ते जड पाण्याच्या आकड्यांशेजारी छापावेत.

– एक वाचक