कांद्याच्या गोंड्यावरच्या माशीसाठी

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला



रिठदहून हे पत्र लिहितो आहे. आमच्या रिसोड तालुक्यात रब्बीत कांद्याचं बियाणं घेणारे शेतकरी आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत दांड्यांवर पांढरे गोंडे उमलतात. ऊन जरा तापलं की त्यांवर फुलोरी माश्या येतात. मधमाश्यांमधला लहानगा जीव. पायांना पराग माखलेला, या फुलावरून त्या फुलावर सारखी लगबग.

आमचं बियाणं याच लगबगीवर भरतं. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतं. दुसऱ्या फुलाचा पराग माशीनं आणला नाही, तर बोंड पोकळ राहतं. एका फुलात सहा बियांची जागा असते. खता-पाण्याचा, औषधाचा खर्च आम्ही वहीत मांडतो. माशीच्या नावाचा रकाना कुणाच्याच वहीत नाही.

उलट फुलकिडे दिसले की ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी पंप पाठीवर चढतो. धुऱ्यावर तणनाशक मारलेलं असतं. गोंडे उमलण्याआधी आणि सुकल्यानंतर त्या माशीनं जगायचं कशावर?

फुलाबाहेरचा आसरा किती मोलाचा, हे कळायला कोकोचं झाड बघा. त्याच्या बोटभरही नसलेल्या फुलाचं परागीभवन चिलटासारखे बारीक कीटक करतात आणि ते वाढतात झाडाखालच्या ओल्या, कुजक्या पाचोळ्यात. बाग झाडून लख्ख केली की त्यांचं घरच जातं. म्हणून केळीचे खुंट आणि कोकोची टरफलं बागेतच कुजू देण्याचा उपाय सांगितला जातो. आमच्याकडे तेच मोल धुऱ्यावरच्या रानफुलांना आणि मोहोळाच्या झाडाला आहे.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव झालं. आम्हाला मधापेक्षा भरलेलं बोंड हवं आहे. त्यासाठी विद्यापीठानं पुढाकार घ्यावा, ही कळकळीची विनंती. करडा येथील कृषी विज्ञान केंद्राला सोबत घेऊन फुलोऱ्यापुरत्या मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं मिळण्याची सोय करा. फवारणी गोंडे उमलण्याआधीच आटोपावी आणि नंतर टळतच नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी, हे आमच्या बांधावर येऊन सांगा. कृषी केंद्राच्या दुकानदारांनाही त्या बैठकीला बोलवा; औषध कोणतं घ्यायचं हे बहुतेक वेळा त्यांच्याच काउंटरवर ठरतं.

येत्या हंगामात एका शेतात पेट्या ठेवू, लांबच्या दुसऱ्या शेतात ठेवणार नाही. दोन्हींचं बियाणं मळून तुमच्या शास्त्रज्ञांसमोर वजन करू. जमीन आमची, पेट्यांसाठी सावली आणि पाणीही आमचं.

आपला,
रिठदचा एक कांदा बीजोत्पादक