कपॅसिटरची ॲलर्जी

ॲक्टिव्ह सिस्टीम बांधणाऱ्यांत एक सोवळा पंथ आहे. ॲम्प आणि ट्विटर यांच्यामध्ये तारेखेरीज काहीही आलं की यांचा आवाज बाटतो. हेच लोक जळकी कॉइल घेऊन माझ्या टेबलाशी येतात आणि म्हणतात, "ट्विटरच भिकार निघाला हो."

पॅसिव्ह बॉक्सच्या क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर बेस अडवायचा आणि फुकटात डीसीही अडवायचा. आता विभागणी ॲम्पच्या आधी गेली. बेस अडवायचं काम डीएसपीने घेतलं, डीसीचं कोणीच नाही. ॲम्पचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर डीएसपीला त्याचा पत्ताही लागत नाही. सप्लायचे ३० व्होल्ट थेट ६ ओहमच्या कॉइलवर, म्हणजे १५० वॅट, तेही संगीतासारखे येऊन-जाऊन नव्हे, सलग. ट्विटरवर १०० वॅट छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तो आकडा बहुधा क्रॉसओव्हरसकट अख्ख्या बॉक्सला दिलेल्या संगीताचा असतो. केसासारख्या तारेच्या कॉइलच्या वाट्याला त्यातले थोडेच वॅट येतात. ॲम्पमध्ये रिले आहे म्हणता? स्वस्त रिले डीसी तोडताना ठिणगीने चिकटून बसतो.

आठ ओहमच्या ट्विटरला २० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर सिरीजमध्ये लावा. त्याचा उतार साधारण १ किलोहर्ट्झपासून खाली सुरू होतो. ५० हर्ट्झच्या हमला तर तो १६० ओहमचा अडथळा. क्रॉसओव्हर ३ किलोहर्ट्झला असेल तर उरलेला फरक माइकने मोजून डीएसपीत सरळ करता येतो. डीएसपी त्यासाठीच घेतलाय ना? पण नाही, आवाज मरतो म्हणे! ज्या रेकॉर्डिंगवर तुम्ही डोलता, ते माइकपासून मिक्सरपर्यंत डझनावारी कपॅसिटरमधून आलेलं असतं.

कपॅसिटर सगळंच वाचवतो असं मात्र नाही. ट्विटरच्या स्वतःच्या पट्ट्यात तासभर कान फाटेस्तोवर वाजवलंत तर ती शक्ती त्यातून आरामात जाते. तिथे लिमिटर हवा, आणि नुसता पीक धरणारा नव्हे, कॉइल तापायला लागणारा वेळ ओळखणारा. "बेसचा ॲम्प क्लिप झाला म्हणून ट्विटर गेला," हे तर ॲक्टिव्ह सिस्टीममध्ये सांगूच नका. त्या ॲम्पची तार ट्विटरपर्यंत जातच नाही.

मंडपात तऱ्हा आणखी वेगळी. चार तारांच्या स्पीकॉनमध्ये सहसा १ नंबरची जोडी लो, २ नंबरची हाय. घाईत कोणीतरी उलटी जोडतो आणि मिरवणुकीचा अख्खा ठेका हॉर्नच्या ड्रायव्हरमध्ये घुसतो. नवी जोडणी आधी भंगारातल्या स्पीकरवर वाजवून बघायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ कोणाला?

गणपतीच्या तोंडावर मी कपॅसिटर फुकट लावून देतो म्हटलं तरी पंथीय मंडळी हात जोडून नको म्हणतात. त्यांच्याकडून मी डायफ्रॅमचे पैसे आगाऊ घेऊन ठेवतो.