जीटीची काच आणि भिंगाची काच

मित्रांनो, सबमिशनचा आठवडा आला की आपल्या हॉस्टेलमध्ये एक सोहळा सुरू होतो. दोन खुर्च्यांवर काच, खाली टेबललॅम्प, काचेवर सीनियरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. याला आपण लाडाने जीटी म्हणतो, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. मागच्या सेमला मेटलर्जीच्या जर्नलमधल्या सगळ्या मायक्रोस्ट्रक्चरच्या आकृत्या मी अशाच उतरवल्या. व्हायवाला सरांनी विचारलं, "पर्लाइटमधल्या या रेघा कशाच्या?" मी गप्प. कारण मी पर्लाइट पाहिलाच नव्हता, सीनियरची पेन्सिल पाहिली होती!

चूक माझी आहेच. पण वीस जणांच्या बॅचला एकच मायक्रोस्कोप, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट, आणि मग तो परत कपाटात कुलूपबंद. "हात लावू नका, महागाचा आहे." यात शिकायचं काय?

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'आयपीस', 'ऑब्जेक्टिव्ह' नुसतं पाठ. माझी रूममेट मावळातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. ती म्हणाली, "अगं, पदार्थाजवळचं ते पदार्थभिंग, डोळ्याजवळची ती नेत्रिका. नावातच सगळं आहे." खरंच की! पदार्थभिंग वस्तूची मोठी, उलटी प्रतिमा नळीत तयार करतं आणि नेत्रिका ती आणखी मोठी करून दाखवते. १० पट नेत्रिका, ४० पट पदार्थभिंग, गुणाकार ४०० पट. आपली पाठांतराची गाडी इथेच थांबते. पण नुसतं मोठं करून भागत नाही, जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसायला हवेत. अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिलं की याला प्रकाशाच्या तरंगलांबीचीच मर्यादा आहे. साध्या प्रकाशात उत्तम भिंगसुद्धा साधारण ०.२ मायक्रोमीटरपाशी थांबतं. त्यापुढे कितीही वाढवा, धूसरपणाच मोठा होतो. जीटीचंही तेच. आठव्या कॉपीपर्यंत पर्लाइटच्या रेघांच्या शेवया झालेल्या असतात.

या सेमला लॅबच्या काकांना विनवून मी पाऊण तास त्या यंत्रापाशी बसले. बायोलॉजीच्या मायक्रोस्कोपमध्ये उजेड खालून, कंडेन्सरमधून येतो. पोलादातून उजेड आरपार जात नाही, म्हणून आपल्या यंत्रात तो पदार्थभिंगातूनच वरून टाकतात. नमुना आरशासारखा घासायचा, मग नायटल म्हणजे अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक ॲसिड लावायचं. आधी मोठ्या स्क्रूने, मग बारीक स्क्रूने फोकस करायचा. आणि अचानक त्या रेघा दिसल्या! फेराइट आणि सिमेंटाइटचे आलटूनपालटून थर. ॲसिड दोघांना सारखं खात नाही, म्हणून रेघा उमटतात. सरांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

आता कुलपाबद्दल. लोणावळ्याच्या पावसात आपल्या बुटांना बुरशी चढते, तशी ती भिंगांनाही चढते. दमट, अंधारं, बंद कपाट तिला फारच मानवतं. म्हणजे जपून ठेवलेलं यंत्रच बिघडायचं. सिलिका जेल ठेवा आणि यंत्र वापरात ठेवा, ते जास्त टिकेल.

पैशाचं म्हणाल, तर १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो लोकांकडून पैसा पैसा गोळा करूनच. आणि २०१४ साली मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने कागदाच्या घड्यांचा फोल्डस्कोप जगापुढे मांडला. त्याच्या साहित्याचा खर्च एका डॉलरच्या आत होता. त्यातून पर्लाइट दिसणार नाही, पण मेसच्या टाकीतलं पाणी नक्की बघता येईल. (बघायची हिंमत हवी!)

म्हणून सरांना विनंती, शनिवारी दोन तास लॅब उघडी ठेवा. आणि स्वतः बघून काढलेल्या वाकड्या आकृतीला 'रिपीट' लिहू नका. सुबक आकृतीलाच मार्क मिळणार असतील तर आम्ही काचच शोधणार. आणि मित्रांनो, आपणही एकदा तरी स्वतःचा नमुना स्वतः घासू या. हात काळे होतील, पण व्हायवाला तोंड काळं होणार नाही.

बघा, पटतंय का. आणि हो, या वेळी माझ्या जर्नलची जीटी मारायला येऊ नका. आकृत्या वाकड्या आहेत, पण माझ्या आहेत!