गृहत्यागी

गेल्या रविवारी रात्री अकराला भाच्याचा फोन. पोरगा लाखनीचा, यंदाच पुण्यात इंजिनिअरिंगला आलाय. "मामा, इथं मन नाही लागून राहिलं."

मी काय केलं? आपल्याकडे सगळे करतात तेच. सुभाषित फेकलं! विद्यार्थ्याची ती पाच लक्षणं आठवतात ना? कावळ्याची धडपड, बगळ्याचं ध्यान, कुत्र्याची झोप, कमी खाणं आणि पाचवं... गृहत्यागी. "घर सोडल्याशिवाय विद्या नाही रे बाबा," असं रुबाबात सांगून फोन ठेवला आणि सोमवारच्या रिलीजची काळजी करत बसलो.

झोप मात्र येईना. कारण वीसेक वर्षांपूर्वी हेच सुभाषित मलाही ऐकवलं गेलं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

तेव्हा मेसमध्ये मी 'पानी' म्हटलं की अख्खं टेबल हसायचं. आमच्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश केलाय, हे अठराव्या वर्षी कुठे माहीत असणार? मी बोलणंच कमी केलं. वर्गात शंका विचारणंही बंद. घरच्या आठवणीने माझा अभ्यास बुडाला नाही. घर लपवण्याच्या नादात बुडाला.

आता त्या पाचव्या लक्षणाकडे जरा नीट बघा. गुरुकुलाच्या पद्धतीत मुलगा घर सोडायचा तो गुरूच्या घरी राहायला. तिथे 'जेवलास का?' विचारणारं कुणीतरी होतं. (ते दारही सगळ्यांना उघडं नव्हतं, पण तो वेगळा विषय.) म्हणजे एक घर सुटायचं आणि दुसरं मिळायचं. आपण सुभाषित तेवढं ठेवलं आणि दुसरं घर गाळलं. उरली कॉट बेसिसवरची खाट.

तुम्ही म्हणाल, आनंदीबाई जोशी 1883 साली, अठराव्या वर्षी, बोटीने अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर होऊन दाखवलं, त्या कुठे रडत बसल्या? पण न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटर बाईंचं घर त्यांची वाट बघत होतं. पत्रांतून ओळख झालेल्या त्या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणत. इतक्या जिद्दीच्या बाईलाही परक्या देशात एक मावशी लागली!

आणि 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द तर चक्क रोगाचं नाव म्हणून जन्माला आला. 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझेलला लिहिलेल्या प्रबंधात तो घडवला. त्यातला एक रोगी म्हणजे बाझेलला शिकायला आलेला बर्नचा तरुण. पोरगा मरणाला टेकलेला. शेवटी घरी न्यायला निघाले, तर वाटेतच त्याला उतार पडायला लागला. बर्न यायच्या आत गडी बरा! कुणी त्याला सुभाषित ऐकवलं असतं तर?

घर सोडूच नये, असं मी म्हणत नाही. वैनगंगेकाठी भात पिकतो, भंडाऱ्यात पितळेची भांडी घडतात, पण मला जे शिकायचं होतं ते तिथे नव्हतं. गेलो ते बरंच झालं. पण 'जा' म्हणणाऱ्याने 'ये' म्हणायची जबाबदारीही घ्यावी, एवढंच माझं म्हणणं. शिकायला गेलेल्या पोराला घराची आठवण येते, याचा अर्थ तो कच्चा आहे असा नाही. त्याला घर होतं, एवढाच.

असो. सोमवारी हापिसातून निघताना मीच भाच्याला फोन केला. "दर रविवारी जेवायला यायचं. भात आणि मासे. आणि माझ्याशी आपल्याच बोलीत बोलायचं." दिवाळीचं महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीटही काढून टाकलं, पुणे ते भंडारा रोड. (हे स्टेशन भंडाऱ्यात नसून वरठीला आहे, पण घरी जाणाऱ्याला कोण सांगणार! :) )

परवा तो आला. दारातच म्हणाला, "मामी, पानी द्या."

घरात कुणीही हसलं नाही.