बाबांची फेलफूट, फ्रान्सच्या बागेत

युरोपची ट्रिप म्हटलं की आपल्याला आधी आयफेल टॉवर आठवतो आणि मग स्वित्झर्लंडचा बर्फ. आमच्या घरातही तीच यादी तयार होती. पण ताई राहते दक्षिण फ्रान्समध्ये, मोंपेलिएला. ती म्हणाली, "पॅरिस नंतर कधीही होईल. एप्रिलमध्ये येताय तर चार दिवस बागेवर राहू." बाग म्हणजे द्राक्षांची. हे ऐकून आईने माझ्याकडे पाहिलं. कारण आमच्या घरी दोन वर्षं द्राक्षाचा विषय कोणी काढत नव्हतं.

आम्ही बडोद्याचे, पण बाबा मूळचे निफाडकडचे. गावची बाग काका बघायचे आणि ऑक्टोबरच्या छाटणीला बाबा हमखास रजा टाकून जायचे. दोन वर्षांपूर्वी काकांनी बाग तोडली. लागोपाठ अवकाळी, औषधांचा खर्च, मजुरी... कारणं तुम्हाला पेपरातून माहीत असतील. आता तिथे मका आहे. त्यानंतर बाबा गावी गेलेले नाहीत.

तर, आम्ही गेलो त्या भागाचं नाव फोजेर. मोंपेलिएपासून गाडीने साधारण तासाभरावर. भूमध्य समुद्र फार लांब नाही, पण इथे डोंगर सुरू होतात. पाटीसारखा थरांचा दगड आणि त्यातच लावलेल्या वेली. मधल्या माळावर रानटी थाईम आणि रोझमेरी इतकी की चालताना चपलेला वास लागतो.

बाबांचा पहिला प्रश्न होता, "मांडव कुठाय?"

मांडव नव्हताच. तारासुद्धा नव्हत्या. इथल्या जुन्या वेली झुडपासारख्या वाढवतात. आखूड जाड खोड, त्यातून वर फुटलेले चार-पाच हात, उंची मांडीपर्यंत. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर हे लक्षात ठेवा, कारण या बागेत सहा वर्षांच्या भाचीचा हात सगळीकडे पोचत होता आणि कंबर मात्र आम्हा मोठ्यांची गेली.

वसंतातलं काम म्हणजे नको असलेली फूट काढणं. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून नाशिकला वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी. इथली वेल थंडीत पानं गाळून निजते. छाटणी हिवाळ्यात, एकदाच. मार्च-एप्रिलमध्ये ती जागी होते आणि जिथे नको तिथेही फुटते. खोडातून, बुंध्यातून, एका डोळ्यातून दोन-दोन. ती कोवळी फूट अंगठ्याने मोडून काढायची. कात्री लागत नाही. उशीर केला तर मात्र लागते.

बागेचे मालक ताईला फ्रेंचमध्ये हे समजावत होते. तिचं भाषांतर पूर्ण व्हायच्या आत बाबा खाली बसले होते. "अगं, ही फेलफूट. हिला घड नाही. ठेवली तर बाकीचे पोसायचे कसे?" आणि टकाटक मोडायला लागले. मालक थांबून बघत राहिले. मग त्यांनी बाबांना एक ओळ दिली, आणि आम्हाला दुसरी. आमच्या ओळीवर त्यांचं लक्ष होतं हे सांगायला नको. भाचीने पहिल्याच वेलीची चांगली फूट मोडून ठेवली होती.

एक महत्त्वाची गोष्ट. पर्यटक व्हिसावर तिकडे मजुरी करता येत नाही. आम्ही पैसे देऊन राहिलेले पाहुणे होतो आणि सकाळचे दोन तास बाग शिकत होतो, इतकंच. मुक्काम ठरवतानाच हे नीट विचारून घ्या. गाडी हवीच. गावातली दुकानं दुपारी बंद होतात. ईस्टरचा सोमवार आणि १ मे हे सुट्टीचे दिवस, तेव्हा किराणा आदल्या दिवशी भरा. वायव्येकडून त्रामोंतान नावाचा वारा सुटतो, तो एप्रिलमध्येही हाडं गोठवतो. आईच्या पिशवीतले पोहे आणि बाजारातला ताजा अॅस्परॅगस यांवर आमचं उत्तम चाललं.

संध्याकाळी अंगणात गप्पा निघाल्या. मालकांनी ७ आणि ८ एप्रिल २०२१ च्या मधली रात्र सांगितली. कोंब नुकते फुटले होते आणि पारा शून्याखाली गेला. फ्रान्समध्ये किती तरी बागांत त्या रात्री बादलीएवढ्या मेणबत्त्या पेटवल्या होत्या, तरी सकाळी कोंब काळे पडले. अजूनही तिकडचे जुने लोक ११ ते १३ मे हे तीन संतांचे दिवस उलटेपर्यंत थंडीला घाबरून असतात. बाबा म्हणाले, "निफाडला आम्हीपण शेकोट्या करायचो." ताईने भाषांतर केलं. ते जोरजोरात मान हलवायला लागले.

मग त्यांनी समोरचा उघडा तुकडा दाखवला. शेजाऱ्यांची बाग होती. तिकडे तांबड्या वाइनचा खप कमी झालाय, दुष्काळही आहे. २०२४ मध्ये सरकारने वेली कायमच्या उपटणाऱ्यांना हेक्टरी ४,००० युरो देऊ केले. शेजाऱ्यांनी घेतले.

बाबा बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत होते. "आम्हाला कुणी दिले नाहीत," म्हणाले. ताईने हे वाक्य भाषांतरित करावं की नाही, यावर आमची नजरानजर झाली. तिने केलं. मालक काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि बाबांसाठी द्राक्षाच्या रसाची बाटली घेऊन आले. बाबा वाइन घेत नाहीत, हे त्यांनी जेवताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका वेलीच्या बुंध्याशी कलमाची गाठ दाखवली. १८६० च्या दशकात याच दक्षिण भागात फिलॉक्सेरा नावाची कीड मुळांना लागली आणि फ्रान्सच्या बागा वाळत गेल्या. १८६८ मध्ये मोंपेलिएच्या प्लाँशों नावाच्या शास्त्रज्ञाने ती ओळखली. कीड अमेरिकेतून आलेली आणि उपायही तिथलाच, खाली अमेरिकन मूळ आणि वर आपली जात. "म्हणजे आपलं डॉगरिज!" बाबा म्हणाले. नाशिकला क्षारपड जमिनीसाठी आणि कमी पाण्यासाठी जो खुंट वापरतात, तोही अमेरिकन जातीचाच.

शेवटच्या सकाळी बाबांची अर्धी ओळ राहिली होती. मला जाग आली तेव्हा ते अंथरुणात नव्हते. आई खिडकीशी उभी होती. "चहाही न घेता गेले," म्हणाली. आठच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला, त्यांनी बागेतूनच काकांना व्हिडिओ कॉल लावला. एवढ्याशा वेलीला किती डोळे ठेवायचे, यावर दोघा भावांचं वीस मिनिटं वाजलं. मग बाबांचा रोमिंग पॅक संपला.