वह्या जूनमध्ये, मग वर्षभर काय?

जून उजाडला की आमच्या गावात वह्यावाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. रोटरी, लायन्स, इनरव्हील... कुणी दप्तरं देतं, कुणी सायकली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मीही गेली कित्येक वर्षं अशा कार्यक्रमांत सतरंज्या घालण्यापासून याद्या करण्यापर्यंत सगळं केलंय. त्यामुळे आज जे लिहितेय त्यात एक बोट माझ्याकडेही आहेच.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका क्लबने शाळेत नेत्रतपासणी शिबिर घेतलं. सहावीतल्या एका मुलीला चष्मा मिळाला. वडील नाहीत, आई धुण्याभांड्याची कामं करते. पोर फळ्यावरचं वाचायला लागली. पुढच्या दिवाळीत चष्मा फुटला. मला कळलं ते थेट सातवीच्या परीक्षेनंतर! ‘अगं, सांगायचं ना कुणाला तरी!’ मी म्हटलं. आई शांतपणे म्हणाली, ‘गेले होते की ताई. पण ते साहेब म्हणाले, माझं वर्ष संपलं.’

‘वर्ष संपलं’ हेच खरं दुखणं आहे. रोटरी, लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पदग्रहण होतं, नवा अध्यक्ष येतो आणि त्याला नवं काही करून दाखवायचं असतं. पैसा येतो सभासदांच्या खिशातून, स्मरणिकेच्या जाहिरातींतून, नाटकाच्या तिकिटांतून. तो वर्षभरात खर्च करून दाखवायचा, तर वाटपासारखं सोपं काम दुसरं नाही. चष्म्याची काडी बदलली, याचा फोटो कोण काढणार?

पण हेच लोक चिकाटी धरतात तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलंय. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम हाती घेतलं. अध्यक्ष दरवर्षी बदलले, काम बदललं नाही. सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि घरोघर फिरणाऱ्या आपल्या आशा-अंगणवाडीताई यांच्या जोडीने ते चालू राहिलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. रोटरीच्या मोठ्या ग्लोबल ग्रँटलाही पैसा संपल्यावर काम पुढे कसं चालेल ते आधी सांगावं लागतं. मात्र असा प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा असावा लागतो. मग गावातल्या छोट्या कामालाही हाच प्रश्न का विचारू नये?

आणि दरवेळी पैसाच लागतो असंही नाही. त्या मुलीला वडील नाहीत, म्हणजे राज्याच्या बालसंगोपन योजनेसाठी तिचा अर्ज करता येतो. २०२३ पासून त्यात महिन्याला २,२५० रुपये आहेत. पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं... चार घरची भांडी घासणारी बाई किती खेटे घालणार? क्लबात वकील असतात, डॉक्टर असतात, बँकेतले असतात. त्यांनी दोन दुपारी दिल्या तरी वह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा मोठं दान होईल. शाळेत येणाऱ्या सरकारी आरोग्य पथकाने मूल मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तर आईचा बुडालेला रोज आणि एसटीचं भाडं कोण देतं? तिथे क्लबचे पाचशे रुपये लाखमोलाचे ठरतात.

एकच शाळा घ्या, पण पाच वर्षं घ्या. मुलांची यादी पुढच्या अध्यक्षाच्या हाती द्या. आणि आईला मंचावर बोलावून फोटो काढण्याआधी तिला विचारा तरी.

मैत्रिणींनो, लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये बायकांना सभासदत्वाचं दार उघडलं. आज आपल्यातल्या कितीतरी जणी त्या खुर्चीवर बसतात. घर चालवणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही, की मूल एका वर्षात वाढत नाही. तेव्हा पुढच्या पदग्रहणाला ‘यंदा काय वाटणार?’ असं विचारू नका. ‘गेल्या वर्षीच्या मुलांकडे कोण बघणार?’ असं विचारा.

त्या मुलीला आम्ही नवा चष्मा करून दिला. पण न दिसलेल्या फळ्यासमोर गेलेलं तिचं सातवीचं वर्ष काही परत देता आलं नाही.