सुक्याबरोबर ओलंही जळतं?

ही म्हण ज्याने काढली त्याने चूल कधी पेटवली नसावी अशी मला दाट शंका आहे. वणव्यात ती खरी ठरत असेल. चुलीत मात्र ओलं लाकूड सुक्याच्या जिवावर आधी वाळतं आणि मग जमलं तर जळतं.

ताज्या तोडलेल्या लाकडात तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत वजन नुसतं पाण्याचं असतं. पाच किलोची मोळी चुलीत घातली की भाताच्या आधी दोनेक लिटर पाणी आटवायचं! त्यात उष्णता जातेच, पण खरं नुकसान पुढे आहे. आच थंड पडते, लाकडातून निघणारे वायू पेट न घेताच बाहेर येतात आणि फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातात. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

कोकणात आगोटीच्या बेगमीत लाकूडफाटा असतोच. तो वाळला की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. खणखणीत वाजल्या तर वाळल्या, 'थप' असा आवाज आला तर पाणी आहे. टोकांना भेगा पडतात, साल सुटते, रंग उडतो, उचलताना हात फसतो इतकं लाकूड हलकं होतं. तरी शंका असेल तर एक ढलपी दर आठवड्याला तोलून बघा. वजन उतरायचं थांबलं की झालं. आणि चुलीत घातल्यावर टोकाला फेस येऊन सुस्कारे ऐकू आले, तर घाई झाली समजायचं.

ओंडका मात्र फोडूनच ठेवावा. न फोडलेला ऐन सालीच्या आत महिनोन्महिने ओल धरून बसतो. रचताना खाली दगड, वर छप्पर आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या. ताडपत्रीत गच्च गुंडाळलं तर वाळण्याऐवजी बुरशीच धरते.

हे सगळं जुन्या बायकांना ठाऊक होतं आणि आहे. मग ओलं का जाळतात? कारण वाळलेलं लाकूड ही एक बचत आहे. त्याला चार-सहा महिने थांबायची ऐपत लागते आणि डोक्यावर छप्पर लागतं. आज आणलेली मोळी आजच जाळणाऱ्या घराकडे दोन्ही नसतं.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, गावोगाव शेगड्या पोचल्या, ते चांगलंच झालं. सुक्या लाकडालाही धूर असतो, त्यामुळे स्वयंपाकाला गॅसच बरा. पण सिलिंडर संपला की पुन्हा चूल पेटते आणि न्हाणीतलं पाणी तर बऱ्याच घरांत अजून लाकडावरच तापतं. म्हणून माझं मत असं, की शेगडीइतकंच महत्त्व लाकडाच्या खोपीलाही द्यावं. चार वासे, वर पत्रे, बस्स!

हायवेवरच्या 'चुलीवरचं मटण' पाट्या बघून गहिवरणाऱ्यांनी एकदा श्रावणात ओल्या लाकडावर नुसता चहा करून बघावा. असो.